दहा दिवसांचे वीस लिटर

घराला कुलूप लावून दहा दिवस बाहेर राहायचे असेल, तर समुद्राच्या पाण्याच्या टाकीतून रोज उडून जाणारे पाणी कोणत्या साधनाने आपोआप भरावे, या प्रश्नाचे उत्तर मी गेल्या वर्षी शोधायला घेतले. दुकानातून एखादे यंत्र आणावे आणि लावावे, इतका हा सोपा विषय असेल असे प्रारंभी वाटले होते. प्रत्यक्षात सात आठवडे लागले.

ही टाकी मी शाळेतून निवृत्त झाल्यावर सुरू केली. एकोणतीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवताना समुद्र मी फक्त फळ्यावर काढला होता. तो थोडासा घरात आणावा अशी इच्छा होती. बेंगळुरूतल्या येलहंका भागातल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला लागून काचेची टाकी आहे आणि तिच्याखालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी आहे. वरचे पाणी नळीने खाली उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. दोन्ही मिळून पाणी दीडशे लिटर. त्यात चार मासे, काही गोगलगाई आणि अकरा प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत असतात, आणि माशांपेक्षा फार नाजूक. दर लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ, हे त्यांचे प्रमाण. ते एकाएकी बदलले की प्रवाळ मिटून घेतात आणि बदल टिकला तर मरतात.

आता मुख्य गोष्ट. टाकीतून पाणी उडते. मीठ उडत नाही. म्हणून पाण्याची पातळी उतरली की उरलेले पाणी अधिक खारट होते, आणि भर घालायची ती शुद्ध, क्षार काढलेल्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची नव्हे. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांनी मान डोलावली. मान डोलावणे आणि पटणे यांतला फरक वर्गात मला ओळखता यायचा. घरात तो ओळखता आला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या मुलीचे लग्न निपाणीला होते. आठ दिवस राहायचे ठरले होते. टाकीचे काम मी आमच्या माडीवर राहणाऱ्या शेजारीणबाईंवर सोपवले. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरूतच आहे. त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळते, आणि माझ्या यजमानांना त्या ‘अण्णा’ म्हणतात, तर मला अख्ख्या गल्लीप्रमाणे ‘मिस’. मी त्यांच्या हाती मापाचे भांडे दिले, खूण दाखवली, शुद्ध पाण्याचा कॅन दाखवला. चौथ्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, त्यांचा फोन आला.

“मिस, माशांचं सगळं सरी आहे. तुमच्या डब्यातलं मीठ मात्र संपलं. आमच्या घरचं घालू का?”

त्या रोज पाण्याबरोबर दोन मुठी मीठ घालत होत्या. समुद्रातले मासे, त्यांना नुसते सप्पक पाणी कसे द्यायचे, हा त्यांचा विचार. त्यात लबाडी नव्हती आणि आळसही नव्हता. उलट सांगितल्यापेक्षा जास्तच काळजी होती. मी लग्न लागण्याआधीच परतीची बस धरली. घरी येऊन मोजले तर पस्तिसाचे अडतीस झाले होते. दोन प्रवाळ गेले. नणंदबाईंच्या मनातून मात्र ती बस गेली नाही. पुढे प्रत्येक फोनवर त्या माझ्या यजमानांना विचारत, “यायचं म्हणतोस, पण बायकोला विचारलंस का? मासे रजा देतात का तिला?”

गेल्या वर्षी त्यांनी घर बांधले. तीस वर्षे भाड्याच्या घरात काढून बांधलेले स्वतःचे घर. आईवडील राहिलेले नाहीत, तेव्हा वास्तुशांतीला माहेर म्हणून आम्ही दोघेच उरलो होतो. माहेरचा आहेर भावाने आणि भावजयीने जोडीने द्यायचा असतो. शिवाय त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून घर लावून होईपर्यंत दहा दिवस दोघांनी राहावे, असा त्यांचा निरोप होता. यजमान सहसा विनोदाने बोलतात. त्या दिवशी ते जेवणाच्या ताटावर शांतपणे म्हणाले, “या वेळी मध्येच उठून येणं नको. येणार असशील तर दहाही दिवस ये. नाहीतर मी एकटा जातो, आणि आक्काला काय सांगायचं ते बघतो.”

वास्तुशांतीला आठ आठवडे होते.

मी पहिल्यांदा मोजमाप केले. काचेवर लिहायच्या पेन्सिलीने खालच्या टाकीवर रेघ ओढली आणि चौदा दिवस रोज सकाळी सात वाजता, रेघेपर्यंत पाणी यायला किती लागते ते वहीत लिहिले. पावसाच्या दिवशी सव्वा लिटर, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी दोन लिटरांना थोडे कमी. मी दोन लिटर धरले. दहा दिवसांचे वीस लिटर. ते भरलेच नाहीत, तर पस्तिसाचे चाळीस होणार. ते सगळे एकदम आत गेले, तर पस्तिसाचे एकतीस. दोन्हीकडे प्रवाळांचा शेवट. म्हणजे मला केवळ पाणी भरणारे यंत्र नको होते. बिघडल्यावरही वीस लिटर एकदम न ओतणारे यंत्र हवे होते.

यजमानांना हा सगळा खटाटोप अनाठायी वाटत होता. त्यांची नोकरी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात झाली. त्या कारखान्यात गच्चीवरच्या टाक्यांसाठी पाण्याची पातळी ओळखणारे नियंत्रक बनत. पाण्यात दोन सळ्या सोडायच्या. पाणी दोन्हींना टेकले की मंद विद्युतप्रवाह वाहतो आणि मोटर थांबते. या शहरात पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे असा डबा घराघरांत आहे. निम्म्या येलहंक्याचे पाणी त्यांच्या हातच्या डब्यांवर चालते, असे ते म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढलेले नाही. त्यांनी माळ्यावरून जुना डबा काढला, पुसला, आणि संध्याकाळपर्यंत लावून देतो म्हणाले.

मी एकच विनंती केली: आधी बादलीत. बादलीत टाकीतले पाणी घेतले, सळ्या सोडल्या आणि आम्ही दोघे स्टुलांवर बसलो. डबा उत्तम चालला. पाणी टेकले की दिवा लागे, काढून घेतले की विझे. यजमान माझ्याकडे पाहून हसले. पाच मिनिटांनी एका सळीवर बारीक बुडबुडे धरू लागले. अर्ध्या तासाने पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सळी तांबूस झाली होती आणि बादलीच्या तळाशी गंजाची साय होती.

खाऱ्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन सुटतो, हा प्रयोग मी दरवर्षी दहावीला करून दाखवत असे. एकोणतीस वेळा. आणि यजमानांनी डबा काढला तेव्हा तो मला आठवला नव्हता. बादलीचा आग्रह मी निव्वळ सवयीने धरला होता. हे मी त्यांच्यापाशी कबूल केले.

“पीण्यात वीस वर्षं चाललं ते,” ते म्हणाले.

“गोड्या पाण्यात चाललं.”

“म्हणजे दोष पाण्याचा. डब्याचा नाही.”

मी बादली मोरीत ओतली.

दुसरा प्रयत्न विजेशिवायचा होता. संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसा लहान प्लास्टिकचा तरंगता झडपनळ मिळतो. पाण्याचा कॅन उंचावर ठेवायचा. पातळी उतरली की दांडी खाली येते, झडप उघडते. पातळी चढली की दांडी वर, झडप बंद. साधेपणा मला नेहमीच आवडतो, म्हणून हा झडपनळ मी टाकीला लावूनच पाहिला. नऊ दिवस तो अगदी शहाण्यासारखा वागला. दहाव्या दिवशी एक गोगलगाय दांडीच्या बिजागरीत जाऊन बसली. दांडी वर येईना आणि पाणी थांबेना. मी भाजी चिरत होते, म्हणून चार लिटरांवर निभावले. यजमानांनी गोगलगाय अलगद काढून काचेवर ठेवली आणि आपल्या डब्यात निदान कोणी बसायला गेले नसते, असे तिलाच उद्देशून सांगितले.

तिसऱ्या खेपेला मी बनशंकरीजवळच्या एका दुकानात गेले. तिथे फक्त समुद्री टाक्यांचे सामान मिळते. दुकानदार हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकाच वाक्यात बोलत होता. त्याने चार-पाच यंत्रे मांडली आणि प्रत्येकाचे गुण सांगितले. मी वही उघडून विचारले, हे बिघडले तर कोणत्या बाजूने बिघडते: पाणी द्यायचे थांबते, की देतच राहते? हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, असे म्हणून त्याने प्रत्येक यंत्राचा खरा विचार केला, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. तरंगता स्विच वर अडकला तर पाणी मिळत नाही, खाली अडकला तर मिळतच राहते. प्रकाशाने पातळी ओळखणारा काचेचा डोळा असतो; त्याला हलणारा भागच नाही, म्हणून त्यात गोगलगाय अडकू शकत नाही. त्याच्यावर शेवाळ धरले तर त्याला सतत पाणी आहे असे वाटते आणि तो पंप बंद ठेवतो. पण हवेचा बुडबुडा चिकटला, तर पाण्यात असूनही तो स्वतःला कोरडा समजतो आणि पंप चालूच ठेवतो.

मी काचेचा डोळा निवडला, आणि त्याच्या दीड सेंटिमीटर वर एक तरंगता स्विच. पहिला चुकला तर दुसऱ्याने पंप तोडावा. दोघे एकाच कारणाने चुकत नाहीत, हे त्या निवडीमागचे तत्त्व. यजमानांनी जोडणी केली. त्यांच्या हातची जोडणी पाहण्यासारखी असते.

तरीही रात्री मला एकच शंका येई: दोघेही चुकले तर? दोन स्वतंत्र कारणे एकाच आठवड्यात घडू नयेत असा काही नियम नाही. मी यजमानांना वहीतले वीस लिटर पुन्हा दाखवले. त्यांनी वही हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, “पाणी भरलं का, हे पंपाला कशाला विचारत बसायचं? दिवसाला इतकंच दे, असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं.”

कारखान्यात ते रसायनांचे पंप असेच चालवत: वेळ बांधून. पंपाच्या प्लगला त्यांनी मिनिटांचा टायमर लावला. पंप मिनिटाला एक लिटर पाणी देतो. सकाळी दोन मिनिटे, संध्याकाळी दोन मिनिटे. एरवी त्याला वीजच नाही. म्हणजे दोन्ही पहारेकरी झोपले तरी दिवसाला चार लिटरांपेक्षा अधिक पाणी आत जाऊ शकत नाही.

मी हिशेब मांडला. दिवसाला चार लिटर आत, दोन लिटर उडून बाहेर. वीस लिटरांचा कॅन पाच दिवसांत रिकामा होईल. तोवर टाकीत दहा लिटर जास्त असतील आणि पस्तिसाचे जेमतेम तेहतीस झालेले असतील, तेही हळूहळू. पुढचे पाच दिवस भर पडणार नाही आणि रोज दोन लिटर उडतील. दहाव्या दिवशी संध्याकाळी टाकी पुन्हा पस्तिसावर. खालच्या टाकीत रेघेच्या वर सतरा लिटरांची जागा होती. वीज गेल्यावर वरून उतरणारे पाच लिटर धरूनही फरशी कोरडी राहत होती. मी बेरीज दोनदा तपासली, मग त्यांना तपासायला दिली. सर्वांत वाईट घडले तरी टाकी आपसूक मूळ जागी येते, हे उत्तर मला इतके सुंदर वाटले की मी त्या दिवशी शिरा केला.

निघायच्या आधी मी तालमीचा आग्रह धरला. तीन दिवस आम्ही घरात असून नसल्यासारखे वागायचे. कपाटाचे दार उघडायचे नाही, टाकीला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. पहिल्याच सकाळी दोन मिनिटे संपली, टायमरचा खटका पडला, पंप थांबला, आणि पाणी वाहतच राहिले. यजमानांनी टायमर काढला. तरी वाहत राहिले. त्यांनी पंपाचा प्लगच हातात घेतला. तरी वाहत राहिले.

“याला वीज कोण देतंय?” त्यांनी विचारले. आवाजात थोडी भीती होती.

मी कपाटात वाकून पाहिले. नळीचे तोंड खालच्या टाकीच्या पाण्यात बुडालेले होते, आणि कॅनमधली पातळी त्याहून उंच होती. एकदा नळी भरली की पाणी उंचावरून खाली स्वतःच उतरत राहते. त्याला पंप लागत नाही. वक्रनलिका, आठवीचा धडा. डोळा, स्विच आणि टायमर हे तिघेही पंपाला थांबवू शकत होते, पण या वाहत्या पाण्यापुढे तिघेही निरुपयोगी होते. असेच राहिले असते तर वीसच्या वीस लिटर एका सकाळीत आत गेले असते, आणि आम्ही तेव्हा निपाणीच्या बसमध्ये असतो. मी नळीचे तोंड भरलेल्या कॅनच्या पातळीच्याही चार बोटे वर उचलले आणि कपडे वाळवायच्या चिमट्याने कडेला अडकवले. वरच्या टोकाला हवा शिरली आणि धार तुटली.

“मिस,” यजमान म्हणाले, “आठवी मी कशी पास झालो हे आक्काला सांगू नका.”

तालीम पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली. या वेळी तिन्ही दिवस काही घडले नाही, आणि काही न घडणे इतके आनंदाचे असते हे मला त्यापूर्वी ठाऊक नव्हते. पंपाच्या तोंडाखाली उरणारे अडीच लिटर उपयोगी पडत नाहीत, म्हणून कॅनमध्ये साडेबावीस लिटर भरले. मिठाचा डबा मी बरोबर नेला नाही, लपवलाही नाही. शेजारीणबाईंना किल्ली दिली आणि एकच काम सांगितले: रोज संध्याकाळी खालच्या टाकीच्या रेघेचा फोटो काढून पाठवायचा. काही घालायचे नाही, काही काढायचे नाही. त्या म्हणाल्या, “यंदा हात मागे बांधूनच जाते मिस. फोटो नाकाने काढते.”

वास्तुशांत नीट पार पडली. आहेर दिला, नणंदबाईंनी साडी लगेच खांद्यावर टाकून पाहिली. त्यानंतर मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फडताळांत कागद घातले, डबे लावले, आणि त्या खुर्चीवर बसून कोणता डबा कुठे हे सांगत राहिल्या. पाच दिवस रेघेचे फोटो येत राहिले, पाणी रेघेवर.

सहाव्या दिवशी फोटोऐवजी फोन आला. पाणी रेघेच्या वर आहे. किती, असे मी विचारले. स्वल्पच, एक बोटभर, असे उत्तर आले. मी त्यांना पट्टी लावून मोजायला सांगितले. दीड सेंटिमीटर. पंप चालू आहे का, तर नाही.

मी फोन ठेवला तेव्हा नणंदबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. यजमान दारात उभे होते. सकाळच्या बसची वेळ त्या घरात तिघांनाही पाठ होती.

मी वही काढली. दीड सेंटिमीटर ही नेमकी तरंगत्या स्विचची उंची. म्हणजे काचेचा डोळा चुकला होता आणि दुसऱ्या पहारेकऱ्याने पंप थांबवला होता. खालच्या टाकीत तेवढ्या उंचीला सव्वादोन लिटर मावतात, पस्तिसाचे साडेचौतीस. हाही चुकला, तर टायमर होता, आणि टायमरचा हिशेब मी दोनदा केला होता. माझ्या हातांना मात्र हिशेब पटत नव्हता. ते पिशवीकडे जाऊ पाहत होते. चार दिवस उरले होते. जाऊन मी काय करणार होते, याचे प्रामाणिक उत्तर ‘काचेकडे पाहत बसणार’ एवढेच होते.

“निघालीस?” नणंदबाईंनी विचारले.

“नाही वन्सं. कणीक भिजवते. किती जण जेवायला?”

त्यांनी पिठाचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “चौघं. आणि तुझ्या माशांना कळव, तू कामात आहेस.”

उरलेल्या चारही संध्याकाळी पाणी त्याच दीड सेंटिमीटरवर राहिले. अकराव्या दिवशी दुपारी आम्ही येलहंक्याला पोहोचलो. यजमानांनी बॅगा दारातच ठेवल्या आणि मला आधी आत जाऊ दिले. अकराच्या अकरा प्रवाळ उघडे होते. क्षारता मोजली: साडेचौतीस. काचेच्या डोळ्यावर मोहरीएवढा एक बुडबुडा बसला होता. बोटाने तो पुसला आणि त्याला पाणी पुन्हा दिसू लागले. खालच्या टाकीत बुडबुडे कमी यावेत म्हणून आता मी त्याच्यापुढे स्पंजाचा तुकडा लावला आहे.

माझे उत्तर असे: काचेचा डोळा, त्याच्या वर तरंगता स्विच, दोघांच्या वर वेळ बांधणारा टायमर, आणि नळीचे तोंड कॅनमधल्या पाण्याहून उंच. परंतु हे दीडशे लिटरांच्या एका टाकीचे आणि येलहंक्याच्या हवेचे उत्तर आहे. आपली टाकी, आपली हवा आणि आपली खालची जागा वेगळी असेल. म्हणून वाचकांना विनंती आहे की माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. काचेवर रेघ ओढून दोन आठवडे स्वतः मोजावे, साधन आधी बादलीत लावावे, ते मुद्दाम बिघडवून किती पाणी आत जाते ते पाहावे, आणि माझे म्हणणे खरे आहे की नाही हे स्वतः तपासून घ्यावे.